नोरीनवर नाव कुठे घालायचं?

हॉथॉर्न महिला आरोग्य केंद्राच्या आर्थिक अडचणींचं मूळ कारण पेशंट हे आहेत, असं निदान फेब्रुवारीच्या बैठकीत एकमताने करण्यात आलं. अध्यक्ष फिन्टन यांनी उभा जन्म बँकेत काढलेला असल्यामुळे माणसाकडे न बघता त्याचा रोग ओळखायची त्यांना सवय होती. त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. बाई आली की खर्च वर जात होता आणि बाई गेली की खाली येत होता. सेंट ब्रिजिडच्या सुट्टीच्या सोमवारी केंद्र बंद होतं, त्या दिवशी रेघ अगदी जमिनीला टेकली होती.

"हा दिवस बघा," फिन्टन गहिवरून म्हणाले. "किती सुंदर दिवस आहे!"

खजिनदार पद्मजा जगदाळे यांनी तो दिवस बघितला. पद्मजा मूळची पुण्याची, दिवसभर डब्लिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि संध्याकाळी गाडी हाकत, केंद्र होतं त्याच नावन गावात, घरी यायची. दोन वर्षांपूर्वी ती या केंद्रात स्वतःच्या तपासणीसाठी आली असताना भिंतीवर लावलेल्या जमाखर्चात तिला बेरीज चुकलेली दिसली आणि ती तिने बोलून दाखवली. तिथेच फसली बिचारी. कपडे घालून बाहेर येईपर्यंत तिला खजिनदार करून टाकलं होतं.

केंद्र म्हणजे काय, तर एका गालिच्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक नर्स. नर्सचं नाव नोरीन. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ती यायची. छातीत गाठ लागतेय, पाळी थांबत नाहीये, पाळी थांबलीये आणि झोप उडालीये, शिंकलं की कपडे बदलावे लागतात, असलं जे जे बायका नवऱ्याला सांगत नाहीत आणि डॉक्टरला सांगायला जावं तर भेटीची तारीख मिळत नाही, ते सगळं नोरीन ऐकायची, तपासायची, निस्तरायची. दाराशी एक डबा होता. ज्याला जमेल त्याने टाकावं. बहुतेकींना जमायचं नाही.

नोरीनचा पगार मार्चअखेरपर्यंत पुरणार होता. पुढे ठणठणाट.

हे सगळं पद्मजाने एरवी खजिनदाराच्या थंड डोक्याने घेतलं असतं. पण त्याच महिन्यात तिच्या सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि त्यांचं गुडघ्याचं दुखणं पार वेगळं निघालं होतं.

झालं असं, की एका गुरुवारी पद्मजा डब्यातले पैसे न्यायला केंद्रात गेली आणि घरी एकट्या कशाला बसता म्हणून सासूबाईंना बरोबर घेऊन गेली. सासूबाई खुर्चीच्या अगदी कडेला, एका बाजूवर टेकल्या. नोरीनने ते बघितलं.

"मॅमीला विचार," ती पद्मजाला म्हणाली, "कधीपासून असं बसावं लागतंय?"

पद्मजाने विचारलं. सासूबाई जरा वेळ भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिल्या. मग पद्मजाकडे न बघता म्हणाल्या, "आगं, अंग भायेर येतंय माझं. विक्रांतच्या पाठीवरच्या पोरीच्या येळंपासनं. तिला सांग, पर तू हिकडं बघू नगंस."

विक्रांत म्हणजे पद्मजाचा नवरा, आणि त्याच्या पाठची पोरगी आता स्वतः दोन लेकरांची आई झालेली. एवढी वर्षं ही बाई पिशव्या उचलत होती, पंगती वाढत होती, विमानात बसून आयर्लंडला आली होती, आणि विचारलं की गुडघा म्हणत होती. पद्मजा तपासणीच्या टेबलाच्या पडद्याकडे पाठ करून उभी राहिली आणि आयुष्यात कधी न उच्चारलेले शब्द इकडून तिकडे पोचवत राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण राग नक्की कुणाचा ते कळत नव्हतं.

नोरीनने अंग आत धरून ठेवणारी एक साधी रबराची रिंग बसवली. दुसऱ्या दिवशी सासूबाई बॉइन नदीच्या काठाने तरातरा चालत सुटल्या. पद्मजा मागून धापा टाकत होती. "आणखी फुडं जायाचं का?" सासूबाई मागे वळून विचारत होत्या. त्यांचा चेहरा शाळा सुटलेल्या पोरीसारखा झाला होता.

नोरीनने सांगून ठेवलं होतं, "एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी या. नीट बसली का बघते, आणि घरी गेल्यावर स्वतःची स्वतः कशी काढायची, धुवायची, बसवायची ते शिकवते. मग ग्रँड."

सासूबाईंना त्यातलं 'ग्रँड', म्हणजे झकास, तेवढं आपोआप कळलं, बाकीचं पद्मजाने सांगितलं, आणि त्या गुरुवारची वाट बघत होत्या. अडचण एवढीच, की गुरुवार एप्रिलमध्ये होता आणि नोरीन मार्चपर्यंतच.

पद्मजाने आधी सरकारदरबारी प्रयत्न केला. डब्लिनमध्ये एक सक्षमीकरण निधी होता. तिथल्या अधिकारी बाई फोनवर फार गोड बोलायच्या.

"तुम्हाला गेल्याच वर्षी आम्ही भरघोस अनुदान दिलं," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. ते अनुदान सल्लागार नेमण्यासाठी होतं. सल्लागार आले, त्यांनी खिडकीतून नदी बघितली, पिवळ्या चिठ्ठ्या भिंतीवर डकवल्या आणि चकचकीत अहवाल दिला. अहवालाचा निष्कर्ष असा होता, की या केंद्राला एका नर्सची नितांत गरज आहे. सल्लागारांची फी नर्सच्या वर्षाच्या पगाराएवढी झाली होती.

"मग त्या अहवालाप्रमाणे नर्सचा पगार द्या की," पद्मजा म्हणाली.

"पगार हा आवर्ती खर्च आहे. निधी फक्त प्रकल्पांना मिळतो."

"पण नर्स नसेल तर केंद्र कसलं?"

"तुमची नर्स दर आठवड्याला येते, तीच तर अडचण आहे," अधिकारी बाई हळहळल्या. "एकदाच आली असती, तर तिला प्रकल्प म्हणता आलं असतं. तुम्ही तुमच्या समाजाला हाक का मारत नाही? भारतीय लोक किती उदार असतात!"

पद्मजाने हाक मारायचं ठरवलं. मराठी मंडळाचं हळदीकुंकू जवळ आलं होतं. रथसप्तमी कधीच होऊन गेली होती, पण हॉल मिळेल तेव्हा संक्रांत, असं आयर्लंडमधलं धर्मशास्त्र सांगतं. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये काळ्या साड्यांचा समुद्र लोटला. सर्व स्त्रियांना, म्हणजे विधवांनाही, आमंत्रण देण्याचा पुरोगामी ठराव मंडळाने केला होता. त्या ठरावाचं वाचन झालं, टाळ्या झाल्या, आणि सासूबाईंना मान देऊन मागच्या रांगेत बसवण्यात आलं.

उखाणे झाल्यावर आणि वाण वाटण्याआधी पद्मजाला माइक मिळाला. ती साधंच बोलली. इथे आपल्यातल्या कितीतरी जणी नोरीनकडे जाऊन आल्या आहेत. कोण कोण ते मी सांगत नाही. प्रत्येक घरामागे महिन्याला पाच युरो आले, तर नोरीन राहील.

मंडळाचे अध्यक्ष शिरीष खांडेकर यांनी घसा साफ केला. हे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते आणि प्रत्येक गोष्ट मुळापासून समजून घ्यायचा त्यांचा आग्रह असे.

"म्हणजे आपले पैसे नक्की कुठे जाणार?"

"नोरीनच्या पगारात."

"आणि ती त्याचं काय करणार?"

"खर्च करणार, शिरीषदादा. घरभाडं भरेल, भाजी आणेल."

"हां, म्हणजे शेवटी काहीच उरणार नाही," शिरीष म्हणाले. "दिसायला काहीतरी पाहिजे ना! उद्या कुणी विचारलं, मंडळाने काय केलं, तर काय दाखवायचं?"

मग डॉक्टर केदार उठले. हे नागपूरला शिकून इथल्या सरकारी हॉस्पिटलात काम करत होते आणि वैद्यकीय बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. "माझं एक तत्त्व आहे," ते म्हणाले. "डोनेशन हंड्रेड पर्सेंट पेशंटपर्यंत पोचलं पाहिजे. सॅलरी, अ‍ॅडमिन वगैरेला मी एक सेंट देत नाही."

"डॉक्टर, पेशंटपर्यंत नोरीनच तर पोचते."

"तत्त्व ते तत्त्व," डॉक्टर म्हणाले आणि बसले. त्यांचा स्वतःचा पगार पंचवीस तारखेला जमा होत असे. तो तत्त्वाच्या आड कधी आला नव्हता.

शेवटी शिरीषची बायको मेधा मदतीला धावली. मनाने फार चांगली बाई. "अगं पद्मजा, तू असं पैशाचं कशाला बोलतेस? वस्तू सांग ना! वस्तू म्हणशील ती देतो. वस्तूवर कसं, नाव घालता येतं." मग ती खरोखरच काळजीने म्हणाली, "नोरीनवर नाव कुठे घालायचं?"

कुणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता.

आपल्याकडे लग्नातल्या तांब्यापासून देवळातल्या पंख्यापर्यंत दात्याचं नाव असतं. पंख्याच्या पात्यावर नाव असेल तर तो फिरताना वाचता येत नाही म्हणून पंखा बंद ठेवणारी देवळं आहेत. ही माणसं काही कंजूष नव्हती, उलट त्याच संध्याकाळी नुसती झुंबड उडाली. शिरीषकडे नाव घालायचं मशीन होतं. पुण्याहून हातातल्या बॅगेतून आणलेलं, विमानतळावर तीन अधिकाऱ्यांना समजावून सोडवलेलं. 'नाव विनामूल्य घालून मिळेल' असं त्यांनी ग्रुपवर टाकलं आणि देणग्यांचा पूर आला.

रक्तदाब मोजायची यंत्रं आली. एकाने दिलं म्हणून दुसऱ्याने दिलं, दुसऱ्याचं मोठं होतं म्हणून तिसऱ्याने त्याहून मोठं दिलं. वजनकाटे आले. पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. भिंतीवरची घड्याळं आली, आणि प्रत्येक दात्याला आपलंच घड्याळ दारासमोर हवं असल्यामुळे समोरच्या भिंतीवर घड्याळांची रांग लागली. त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. डॉक्टर केदारांनी भलाथोरला टीव्ही दिला. त्याच्या चौकटीवर त्यांच्या पदव्यांसकट नाव घातलं, तरी थोडी जागा उरली होती, तिथे त्यांच्या मुलांची नावं बसवली.

आणि खरं सांगायचं तर पद्मजाही सुटली नाही. सासूबाई एका रात्री म्हणाल्या, "त्या बाईनं माझं लई केलं गं. आपुनबी कायतरी देऊ. ह्यांच्या नावानं." विक्रांतचे डोळे भरून आले. ओक लाकडाचा बाक करून घेतला, त्यावर पितळी पट्टी: 'कै. प्रल्हाद जगदाळे यांच्या स्मरणार्थ, जगदाळे परिवाराकडून सप्रेम भेट.' बाकाचं बिल बघितल्यावर खजिनदाराच्या मनात एक आकडा चमकून गेला. तेवढ्यात नोरीनच्या एप्रिलमधल्या सगळ्या संध्याकाळी बसल्या असत्या. पण बाक तोवर वर चढवून झाला होता आणि सासूबाई पितळी पट्टी पदराने पुसत होत्या. पद्मजाने बिल घडी करून पर्समध्ये टाकलं.

मार्चच्या बैठकीत फिन्टन आनंदाने लाल झाले. केंद्राची मालमत्ता एका महिन्यात कितीतरी पट वाढली होती. तसं त्यांनी निधीला कळवलं. गोड अधिकारी बाई स्वतः नावनला आल्या, त्यांनी वस्तू पाहिल्या आणि नियम सांगितले. प्रत्येक वस्तूची नोंद हवी. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची दरवर्षी तपासणी हवी. सगळ्यांचा विमा हवा. आणि निधीच्या पैशावर चालणाऱ्या जागेत परक्या भाषेतला मजकूर असेल, तर तोच मजकूर आयरिश भाषेत, निदान तेवढ्याच आकारात हवा.

'यांजकडून सप्रेम भेट'चं आयरिश भाषांतर करून घेण्यासाठी गॉलवेहून एक भाषातज्ज्ञ बोलावण्यात आले. 'कै.' या शब्दावर त्यांनी दोन दिवस घेतले.

"खर्चाची काळजी करू नका," अधिकारी बाई म्हणाल्या. "देखभालीसाठी आम्ही वेगळं अनुदान देतो."

पद्मजा ताडकन सरळ बसली. "त्यातून नर्सचा पगार देता येईल?"

"नर्स ही मालमत्ता नाही."

"मग आम्ही तिला मालमत्ता म्हणतो!"

फिन्टन विचारात पडले. "म्हणता येईल," ते म्हणाले, "पण मग दरवर्षी झीज म्हणून तिची किंमत पंधरा टक्क्यांनी कमी दाखवावी लागेल."

"ग्रँड," दारात उभी राहिलेली नोरीन म्हणाली. "माझी कंबर तेच सांगतेय."

अधिकारी बाई छान हसल्या आणि प्रस्ताव नामंजूर झाला.

आता जागेचा प्रश्न आला. नोंद झालेल्या वस्तू जिन्यात ठेवता येत नव्हत्या, त्यामुळे त्या तपासणीच्या खोलीत ठेवल्या. मग तपासणीचं टेबल बाहेर आलं. ते फार जुनं होतं, त्यावर कुणाचं नाव नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी वाली नव्हता. नोरीन स्टेशनरीच्या कपाटाशेजारी पडदा लावून बायका तपासू लागली. "मी प्रेसमध्ये काम करते," ती सांगायची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. बायका अवघडून, अंग चोरून झोपायच्या आणि समोर दहा घड्याळं टिकटिकायची. हळूहळू बायका यायच्या कमी झाल्या. फिन्टनच्या आलेखातली रेघ अलगद खाली उतरली.

मार्चअखेरची बैठक छोटीच झाली. केंद्राकडे वस्तू भरपूर आणि हातात पैसा शून्य. पद्मजाने सुचवलं, की रक्तदाबाची चार यंत्रं विकू. फिन्टननी मान हलवली. नावं घातलेली आहेत, विकली तर देणगीदारांचा विश्वासघात होईल. देखभालीचं अनुदान? ते देखभालीलाच. टीव्ही? त्यावर तर अख्खं कुटुंब आहे. एकेक करत सगळी यादी संपली.

"या केंद्रात नाव न घातलेलं असं काय उरलंय?" फिन्टननी विचारलं.

खिडकीपाशी नोरीन झाडाला पाणी घालत होती. झाडाच्या कुंडीवर नाव होतं.

नोरीनला कमी करण्याचा ठराव जड अंतःकरणाने मंजूर झाला. जड अंतःकरणाची नोंद इतिवृत्तात घेण्यात आली.

त्या संध्याकाळी पद्मजा गाडीत बसून बराच वेळ रडली. मग तिने मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या: 'नोरीनची नोकरी गेली. येत्या गुरुवारी ती निरोप घ्यायला येणार आहे.' बस, एवढंच. तिला वाटलं होतं, निदान कुणाला तरी लाज वाटेल.

लाज नाही, उमाळा आला. 'अरेरे!' 'शॉकिंग!!' 'सच अ लव्हली लेडी.' हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ज्या बायका नोरीनकडे गेल्याचं कुणाला माहीत नव्हतं, त्यांनी 'माझ्या एका मैत्रिणीला तिचा फार उपयोग झाला' असं लिहिलं. मग मेधाने लिहिलं, 'आपण तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही हं. चांदीचं ताट देऊ. सगळ्यांची नावं घालू. पर फॅमिली पन्नास.'

पद्मजाचा चहा निवायच्या आत पैसे जमले. पोळ्या होईपर्यंत दुप्पट झाले. लिमरिकच्या लोकांनी, ज्यांनी नोरीनला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, विचारलं की आम्ही का मागे राहावं? पाच युरो महिना म्हटल्यावर ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्यांनी पन्नासाच्या जागी शंभर पाठवले आणि खाली लिहिलं, 'नाव जरा मोठ्या अक्षरात.' खजिनदाराला न मोजता राहवेना. नोरीनचा डिसेंबरपर्यंतचा पगार होता तो.

तिने तसं ग्रुपवर लिहिलं. अगदी हात जोडून लिहिलं, की ताट राहू द्या, हेच पैसे पगाराला देऊ, नोरीन राहील, निरोपच द्यायला लागणार नाही.

मग शिरीषचा निरोप आला: 'पद्मजाच्या भावना समजू शकतो. पण लोकांनी ताटासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवणं ही आर्थिक शिस्त नव्हे. खजिनदाराने तरी असं बोलू नये.' त्याला तेवीस अंगठे मिळाले.

गुरुवारी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी माणसं तिथे कधीच आली नव्हती. सासूबाई ठरल्या वेळी, डोक्यावर पदर घेऊन, आपल्या बाकावर येऊन बसल्या होत्या. ही गर्दी कशाची ते त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. आपला नंबर कधी येईल म्हणून त्या पडद्याकडे बघत होत्या.

शिरीषने भाषण केलं. डॉक्टर केदारांनी आरोग्यव्यवस्थेत नर्सचं स्थान यावर चार शब्द सांगितले. मेधाने नोरीनला ओवाळलं आणि ते भलंमोठं, लखलखीत ताट तिच्या हातात दिलं. ताटभर नावं होती. मधोमध गणपती होता, आणि गणपतीच्या पोटावरही एक जोडपं बसवलं होतं.

नोरीनने ताट उलटसुलट करून बघितलं. तिचे डोळे पाणावले होते. "गॉर्जस आहे," ती म्हणाली. "खूप महागाचं दिसतंय." मग ती पद्मजाच्या कानाशी वाकली, पण नोरीनचं हळू बोलणंही जिन्यापर्यंत ऐकू जायचं. "याची पावती असेल का गं? परत करून आले असते. तेवढ्यात मला नाताळपर्यंत इथे काम करता येईल."

खोलीत मोठा हशा पिकला. आयरिश माणसं म्हणजे मोठी गमतीची, कशावरही विनोद करतात, असं सगळे एकमेकांना सांगू लागले. नोरीन मात्र हसत नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती.

शिरीषने समजुतीच्या सुरात सांगितलं, "पावती आहे. पण आता परत नाही घेणार ते. नाव घातलेली वस्तू दुकानदार परत घेत नाहीत."

नोरीनने मान डोलावली, ताट काखेत धरलं, आणि मग तिला बाकावरच्या सासूबाई दिसल्या. "अरे, मॅमी! तुमची आज तपासणी ना? चला, आत चला, पाच मिनिटांत बघते."

फिन्टन मध्ये आले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "नोरीन, आजपासून तुझा विमा नाही. इथे कुणाला हात लावता येणार नाही तुला."

"वजनकाट्याचा आहे?" नोरीनने विचारलं.

"वजनकाट्याचा आहे."

पद्मजा डॉक्टर केदारांकडे वळली. त्यांनी घड्याळांकडे बघितलं आणि त्यातलं सगळ्यात पुढे धावणारं निवडलं. "आजींना म्हणावं, आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. तो पत्र देईल, मग आमच्याकडे लिस्टवर नाव लागेल. कधी चालल्यात परत?"

"याच महिन्याच्या शेवटी."

"मग तिकडेच बघा की," डॉक्टर म्हणाले आणि समोसा घ्यायला गेले.

नोरीन सासूबाईंच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि नुसती मान हलवली. सासूबाईंना भाषा येत नसली तरी एवढं कळलं.

"जानार व्हय गं ही?" त्यांनी पद्मजाला विचारलं.

"हो, आई. हिला द्यायला पैसे नाहीत."

सासूबाईंनी नोरीनच्या काखेतल्या ताटाकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, भिंतीभरच्या घड्याळांकडे बघितलं. मग आपल्याच मांडीखालच्या बाकाकडे बघितलं. पितळी पट्टीवर आपल्या धन्याच्या नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ह्ये आसते तर म्हनले आसते, माझं नाव काढ आन् बाईला ठिव." आणि हळूच एका बाजूवर, पहिल्यासारख्या, कडेला सरकून बसल्या.

पद्मजाला तिथे उभं राहवेना. ती जिन्यात आली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ग्रुपवर हिशेब आला होता. ताट देऊनही पैसे उरले आहेत, आणि अजून येतच आहेत. उरलेल्या पैशात दाराशी संगमरवरी पाटी लावायचं सर्वानुमते ठरलं आहे: 'येथे नोरीन यांनी सेवा दिली', आणि खाली देणगीदारांची नावं.

तुमचे शंभर युरोही पोचले, बरं का. जरा उशिरा पोचले, त्यामुळे ताटावर जागा नव्हती, पण पाटीवर दुसऱ्या ओळीत तुम्हाला घेतलंय. नावाचं स्पेलिंग तेवढं एकदा तपासून कळवा. संगमरवरावर नाव एकदा कोरलं की पुसता येत नाही, असं शिरीषदादा म्हणत होते.